दक्षिणेकडे पाय

खालापूरजवळच्या आमच्या माळावर एका मालिकेचं शूटिंग होतं. गोष्ट आफ्रिकेतली, झुलूंच्या मुलखात घुसलेल्या इंग्रज पलटणीची. मी जरा गोरा, म्हणून मला इंग्रज शिपायाचा लाल कोट मिळाला. माझा चुलता उन्हानं रापलेला, म्हणून तो झुलू झाला. चहासुद्धा आधी इंग्रजांनाच मिळायचा, म्हणजे बघा.

आम्ही बंदुका झाडल्या आणि झुलू धडाधड पडले. पण सगळे एकाच बाजूला, उत्तरेकडे पाय करून. दिग्दर्शक भडकला. "लढाईत माणसं अशी शिस्तीत मरतात का?"

मला कारण ठाऊक होतं. आमच्याकडे दक्षिणेला पाय करून जिवंत माणूस आडवा होत नाही. तसं फक्त मढं ठेवतात. मी ते सांगितलं, तर तो म्हणाला, "मग ही मढीच आहेत ना? फिरव त्यांना."

चुलता माझ्या अगदी पुढ्यात डोळे मिटून पडला होता. दरवर्षी दिवाळीला ज्या पायांवर डोकं ठेवतो, ते दोन्ही पाय मी हातात धरले.

"माजा इलाज नाय, काका."

"फिरव रं," तो डोळे न उघडता म्हणाला. "कोट तुज्या अंगात हाय."