हॅश गावची तूर

सांगू की नको, असं मला अजून होतं. पण चहा यायला वेळ आहे आणि तुम्ही घरचेच आहात, तर ऐका. मी एकदा वऱ्हाडाच्या नकाशावर एक नवं गाव वसवलं होतं. ग्रामपंचायत नाही, वेशीवर मारुती नाही, एसटीचा थांबा नाही. फक्त तुरीला भाव होता, आणि तोही बरा होता.

तेव्हा मी अमरावतीत कंप्युटरच्या एका छोट्या ऑफिसात कामाला होतो. खाली बी-बियाण्याचं दुकान, वर आम्ही. फवारणीच्या औषधांचा वास जिन्यानं वर यायचा, त्यामुळे आमच्याकडे डास म्हणून कधी दिसला नाही. ऑफिस म्हणजे तरी काय? मालक वानखडे सर, मी आणि एक पंखा.

कामं बारीकसारीकच. पण त्यात एक अब्रूचं काम होतं, बाजारभावाचं. एका संस्थेनं गावोगावी माहिती केंद्रं उघडली होती. रोज सकाळी आमच्या मशीनवर एक प्रोग्राम चालायचा. तो प्रत्येक बाजारपेठेचं एक पान तयार करायचा. वर बाजाराचं नाव, खाली त्या दिवसाचे भाव. केंद्रावरचा माणूस जवळच्या बाजाराचं पान इंटरनेटवर उघडायचा आणि खडूनं बाहेरच्या फळ्यावर उतरवायचा.

ते दिवस कसे होते, तुम्हाला वेगळं सांगायला नको. सकाळी पेपर हातात घ्यायची भीती वाटायची, रोज कुण्या ना कुण्या शेतकऱ्याची बातमी असायची. लोक तो फळा डॉक्टरचा रिपोर्ट वाचावा तसा वाचायचे. म्हणून वानखडे सरांचं एकच सांगणं असायचं, बाकी काहीही चुको, ते पान चुकता कामा नये.

हा प्रोग्राम लिहिला होता शाहीन मॅडमनी. आधी त्या आमच्याच ऑफिसात होत्या, मग अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवायला गेल्या. प्रोग्राम होता पर्ल नावाच्या भाषेत. मी शिकलेलो सी. पर्ल मला येत नव्हती, पण येत नाही असं मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

एक दिवस मोर्शीच्या केंद्रावरून फोन आला. पानावर संत्र्याचे भाव आहेत, पण वर बाजाराचं नावच नाही. नुसती कोरी जागा. सर म्हणाले, "शाहीनले फोन लाव."

"काहून सर? एवढ्याशा कामासाठी? मी पाहतो ना."

हे वाक्य मी बोललो नसतो तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं.

फाईल उघडली. जिकडे तिकडे डॉलरची चिन्हं. एका ठिकाणी तर चक्क 'ब्लेस' लिहिलेलं. ब्लेस म्हणजे आशीर्वाद. बाजारभावाच्या प्रोग्रामात आशीर्वाद कशाला? मी म्हटलं, मॅडम भाविक असतील, आपण कुणाच्या श्रद्धेच्या आड कशाला यायचं? ती ओळ मी आदरानं ओलांडली.

मग सापडलं पानाचं नाव छापणारं फंक्शन. त्याचं नाव 'मथळा'. त्यात पहिल्या ओळीत लिहिलेलं, माय डॉलर सेल्फ बरोबर शिफ्ट. दुसऱ्या ओळीत, माय डॉलर गाव बरोबर शिफ्ट. शिफ्ट म्हणजे काय, ते मी पुस्तकात पाहिलं. फंक्शनला जे काही पाठवलं असेल, त्या रांगेतलं पहिलं उचलायचं. म्हणजे इथं दोनदा उचललंय. पहिलं उचललं त्याला नाव दिलं सेल्फ, दुसरं उचललं त्याला नाव दिलं गाव, आणि छापलं काय? तर गाव. मग तो सेल्फ कुठं गेला? कुठंच नाही. पुढं त्याचं नावसुद्धा नाही.

आता जिथून मोर्शीचं पान तयार होतं, ती ओळ पाहिली. तिथून फंक्शनला एकच गोष्ट पाठवलेली, 'मोर्शी'.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाठवलं एक आणि उचलतात दोन! मोर्शी गेली त्या बिनकामाच्या सेल्फच्या पोटात, आणि गावाच्या हाती काही उरलंच नाही. म्हणून वर कोरी जागा. एवढ्या हुशार मॅडम, आणि ही चूक? मी ती सेल्फची ओळ काढून टाकली. प्रोग्रामनं हूं की चूं केलं नाही. मोर्शीचं पान काढलं. वर ठळक अक्षरांत मोर्शी.

सरांनी खुशीत दह्यातला गिलावडा मागवला. "बाकीची पानं पाहिली का?" असं सरांनी विचारलं नाही आणि माझ्याही मनात आलं नाही. बिघडलं होतं मोर्शीचं, पाहिलं मोर्शीचं. त्या दिवशी मी घरी जाताना सायकल जरा ऐटीतच चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं आणि फोन वाजला.

"हॅलो, मी बोलून राहिलो."

"मी कोण?"

"मी हो, वासुदेवराव. अंजनगावच्या अलीकडून. केंद्रावाल्यानं तुमचा नंबर देल्ला. मले एक सांगा, ते हॅश कुठी आलं?"

"काय कुठं आलं?"

"हॅश. फळ्यावर लिवलं हाय ना, बाजार हॅश. आज अंजनगावचं नाव नाई. पन या हॅशले तुरीचा भाव बरा हाय. मी कट्टे भरून ठेवले मेटॅडोरमंदी. दर्यापूरवून जाव का अकोटावून, तेवढं सांगा."

मला काही कळेना. म्हटलं, "काका, थांबा थोडं. मी पाहून सांगतो."

"पाहा तुमी. मी निंगतो तवरोक. रस्त्यात इचारीन कोनाले."

आणि फोन ठेवला. फोन होता गावातल्या टेलिफोन बूथवरचा. उलट लावला तर बूथवाला म्हणाला, "ते तं गेले."

मी अंजनगाव सुर्जीचं पान उघडलं. खाली त्या दिवसाचे भाव व्यवस्थित होते. वर, जिथं अंजनगाव सुर्जी असायला हवं, तिथं इंग्रजीत लिहिलेलं, बाजार, मग बरोबरचं चिन्ह, मग मोठ्या अक्षरांत हॅश, आणि पुढं कंसात शून्यापासून सुरू होणारी अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक रांग. अकोल्याचं पान उघडलं, तेच. दर्यापूर, तेच. अख्ख्या वऱ्हाडात फक्त मोर्शी जागेवर होती.

तेवढ्यात बाळापूरच्या केंद्रावरून रफीकभाईंचा फोन. "नितीनभाई, ये हॅश के आगे जो कंस में लिखा है, वो पिन कोड है क्या? लोगां पूछ रहे."

"रफीकभाई, तुम्ही फळ्यावर लिहिलं का ते?"

"लिख दिया ना. पिन कोड के साथ."

"अहो, पिन कोडात अक्षरं असतात का?"

"मैं भी वोइच सोचा. फिर बोला, नया गाव है, नया कोड होएंगा."

मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, तोवर मला गंमत वाटत होती. आता ती गेली. माझ्या डोळ्यांसमोर वासुदेवराव दिसायला लागले. मेटॅडोरमध्ये वर्षभराची तूर, भाड्याची गाडी, आणि हे प्रत्येक फाट्यावर उतरून विचारतायत, हॅश कुठी आलं? कुणी चेष्टेत परतवाड्याकडे बोट दाखवलं तर? त्या वर्षी ज्याच्या घरात तुरीची चार पोती आली होती, त्याला असं भटकवणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

वानखडे सर आले. त्यांनी पान पाहिलं. सर ओरडत नाहीत, तेच वाईट असतं. शांतपणे म्हणाले, "लाव आता शाहीनले फोन." आणि फोनचा स्पीकर चालू करून माझ्या मागं उभे राहिले.

शाहीन मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका नितीनभाऊ. मथळा फंक्शन उघडा आणि एकेक ओळ वाचून दाखवा."

मी वाचायला लागलो. फंक्शनचं नाव वाचलं. मग एकदम गावाची ओळ वाचली.

मागून सर म्हणाले, "मधातली ओळ सोडली तू."

"सर, ती प्रोग्रामची नाही. नुसती टीप आहे."

"असू दे ना. वाच."

काय करता? वाचली. "शाहीन मॅडमची चूक इथे दुरुस्त केली. बिनकामाची ओळ काढून टाकली. नितीन."

मग मॅडम म्हणाल्या, "छान लिहिलंय. तारीख नाही टाकली?"

"नाही मॅडम."

"टाकत जा. नंतर शोधायला बरं पडतं. आता मला सांगा, अंजनगावच्या ओळीत काय आहे? बाजार, मग बाण, मग मथळा, आणि कंसात गाव. बरोबर? त्या बाणाचं तुम्ही काय समजलात?"

खरं तर मी त्याचं काहीच समजलो नव्हतो. मला ती नक्षी वाटली होती. मी म्हटलं, "बाण म्हणजे... तिकडे जा, असं."

"तिकडे जा, पण कुणी? बाणाच्या डावीकडं जो उभा आहे ना, तो स्वतः आधी आत जातो. कंसातलं गाव त्याच्या मागून. तुम्हाला पाठवलेलं दिसतं एक, पण पोचतात दोन. पहिला तो बाजार स्वतः, म्हणून त्याचं नाव सेल्फ."

"पण मॅडम, त्याला पुढं वापरलाच नाही."

"नसेल वापरला. पण आला तर आहे ना दारात? त्याला बाजूला घेतलंच नाही, तर मागचा माणूस दिसणार कसा? तुम्ही त्याला बाजूला घेणारी ओळ काढली. मग गाव म्हणून तोच छापला गेला."

"आणि हॅश?"

"आतून तो बाजार म्हणजे भाव ठेवायचा एक साधा डबा. पर्लमध्ये त्या डब्याला हॅश म्हणतात. ब्लेस करून त्याला सांगितलं की आजपासून तू बाजार. अशाला सरळ छापायला लावलं की तो आपलं कूळ सांगतो आणि मेमरीतला पत्ता सांगतो."

म्हणजे रफीकभाईंचा पिन कोड अगदीच चुकला नव्हता. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

मी म्हटलं, "मॅडम, मग मोर्शीचं नाव का गायब झालं होतं?"

"ती ओळ वाचा."

"बाजार, कोलन कोलन, मथळा, कंसात मोर्शी."

"कोलन कोलन? बाण नाही?"

"नाही."

"मग आजार तोच. दोन कोलननं हाक मारली की बाजार स्वतः आत जात नाही, कंसातलं तेवढं जातं. फंक्शन मुळात नीट होतं, ही एक ओळ सोडून सगळं नीट होतं. पण नितीनभाऊ, ही ओळ माझी नाही. मी होते तेव्हा मोर्शी आपल्याकडं नव्हतंच."

मोर्शी नुकतंच, याच संत्र्याच्या हंगामात घेतलं होतं. ती ओळ लिहू शकणारे आमच्या ऑफिसात तिघंच. त्यातले एक मालक आणि एक पंखा.

"काहून रे, बाण काहून नाही टाकला?" सरांनी विचारलं.

"सर, वरच्या ओळी पाहून लिहिली होती. पण बाणाला दोन वेगळ्या कळा दाबाव्या लागतात. कोलनला एकच, दोनदा."

मी सेल्फची ओळ परत बसवली, मोर्शीला बाण दिला, सगळी पानं एकेक करून तपासली आणि प्रत्येक केंद्राला फोन करून फळे पुसायला लावले. रफीकभाई म्हणाले, "पिन कोड भी?" म्हटलं, पिन कोड आधी.

राहिले वासुदेवराव. त्यांच्याकडं मोबाईल नव्हता. अंजनगावच्या केंद्रावाल्याला रस्त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. सर डबा न उघडता बसून राहिले, म्हणून मलाही उघडता येईना. दुपार कलली तेव्हा फोन वाजला.

"हॅलो, मी बोलून राहिलो."

या वेळी मी कोण ते विचारलं नाही. "वासुदेवराव, कुठं आहात तुम्ही?"

"अंजनगावले. तुमचं हॅश सापडलं मले."

"सापडलं?"

"इथीच हाय ना. आमी बाजाराच्या गेटवर थांबलो रस्ता इचाराले. एक अडत्या म्हने, कुठी चालले? मी म्हटलं, हॅशले, तिथी तुरीले हा भाव हाय. थो म्हने, मंग तिथी कायले जाता, तोच भाव तं इथी चालू हाय. माल पाहाला, लिलाव झाला, मोकया झालो. मंग मले समजलं, हेच ते हॅश. नाव बदललं वाट्टे."

साहजिकच होतं. नाव चुकलं होतं, पण त्याच्याखालचे भाव अंजनगावचेच होते. मी कधी उभा राहिलो होतो ते मला कळलंच नव्हतं, आता बसलो. सरांनी डोळे मिटून घेतले आणि डबा जवळ ओढला.

मी म्हटलं, "काका, माफ करा. गावाचं नाव बदललं नाही. माझ्या हातून चुकीचं छापलं गेलं."

"नाव काई बी लिवा ना बाप्पा. भाव तं खरा होता?"

"भाव खरा होता."

"मंग झालं," म्हणाले, आणि फोन ठेवला. त्या दिवशीची थंडगार पोळी आणि वांग्याची भाजी, तेवढी गोड मला नंतर कधी लागली नाही.

पण सर सुटू देतात होय? त्यांनी शाहीन मॅडमशी परस्पर ठरवून टाकलं आणि पुढच्या शनिवारी मला अकोल्याच्या एसटीत बसवलं. मॅडमच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. माझ्यापेक्षा सगळी पाच-सहा वर्षांनी लहान पोरं. मॅडमनी मी कोण, हे कुणाला सांगितलं नाही. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, एकीत बाण, एकीत कोलन कोलन. दुसरीच्या कंसात मोर्शी.

"दुसऱ्या ओळीनं काय घोटाळा होईल?" मॅडमनी विचारलं. पोरांनी पटापट सांगितलं. "आणि तो घोटाळा झाला म्हणून कुणी फंक्शनमधली सेल्फची ओळच काढून टाकली तर?"

वर्ग हसला. कुणाला संशय येऊ नये म्हणून मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, खरंच कोनी असं करते का?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "नाही बेटा. समजावं म्हणून उदाहरण बनवलंय."

माझ्या जिवात जीव आला. ती मुलगी बसता बसता म्हणाली, "तेच म्हटलं. इतकं येडं कोन राहीन?"

अख्ख्या वर्गानं मान डोलावली. मीही डोलावली.