सासऱ्यांची कवळी

लोकांच्या तोंडात डोकावणं हा माझा व्यवसाय आहे. मी दातांची डॉक्टर नाही. इथल्या एका डच रुग्णालयात संशोधनाचं काम बघते. माणूस हाड मोडलं म्हणून भरती होतो आणि तिथेच न्यूमोनिया गाठीला बांधून घेतो, हे टाळायचं कसं, हा आमचा विषय. हात धुण्याबद्दल सगळे बोलतात, तोंड धुण्याबद्दल कुणी बोलत नाही. पडून असलेल्या माणसाच्या तोंडातले जंतू गुपचूप फुप्फुसात उतरतात. म्हणून रुग्णांचे दात, हिरड्या, कवळ्या सकाळ-संध्याकाळ नीट साफ केल्या तर न्यूमोनिया कमी होतो का, ते आम्ही तपासतो आहोत. पुण्याच्या मैत्रिणी म्हणतात, "एवढं शिकलीस आणि तिकडे जाऊन म्हाताऱ्यांना दात घासायला लावतेस?" लावते. आणि घासले नाहीत तर रागावतेसुद्धा.

डच म्हाताऱ्यांशी माझं फार जमतं. एखादे आजोबा बोलता बोलता कवळी काढतात, कॉफीच्या कपाशेजारी ठेवतात आणि नातवाच्या फुटबॉलची गोष्ट तशीच पुढे चालू ठेवतात. या मोकळेपणाचं मला भारी कौतुक वाटायचं, कारण आमच्या घरात 'कवळी' हा शब्दच नव्हता.

माझे सासरे, म्हणजे बाबा, पिंपरीच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. ताठ चाल, खोचलेला शर्ट, घरातसुद्धा पट्टा. विहारात वंदना घ्यायची ती बाबांनीच, असा वस्तीतला रिवाज; त्यांचा एकेक शब्द निवडलेल्या तांदळासारखा स्वच्छ. त्यांचे वरचे आणि खालचे सगळेच दात नकली आहेत, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येक जण ते ठाऊक नसल्यासारखं वागायचा. लग्न होऊन मी त्या घरात गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाथरूमच्या फळीवर स्टीलची डबी असती. ती उघडायची नाही. आत काय आहे ते विचारायचं पण नाही." मी मान डोलावली. डबी चांगली मोठी, झाकणाची, आणि झाकणावर टिंबाटिंबांनी सासूबाईंचं नाव कोरलेलं. त्यांच्या लग्नातल्या भांड्यांपैकी ती एक होती.

सासूबाई गेल्यावर बाबा दरवर्षी काही महिने आमच्याकडे, आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावी येऊ लागले. डबीही त्यांच्यासोबत यायची. आमच्या बाथरूममध्ये ती दाढीच्या सामानामागे, टॉवेलच्या आडोशाला बसायची. मी तो कोपरा पुसताना डबी उचलायची, पुसायची, जागच्या जागी ठेवायची. बाबा सकाळी दार लावून घ्यायचे, आतून चूळ भरल्याचा दणदणीत आवाज यायचा, आणि मग ते सगळे दात घेऊन बाहेर यायचे. हसू आलं की मात्र हात तोंडावर जायचाच.

मागच्या पानगळीत बाबा कोथिंबीर आणायला म्हणून सायकलवर निघाले. जन्मभर कारखान्यात सायकलनं गेलेला माणूस, त्यामुळे आम्हीही निर्धास्त. ओल्या पानांवरून वळणावर चाक घसरलं आणि बाबांचा खुबा मोडला. मी काम करते त्याच रुग्णालयात त्यांना भरती केलं. ऑपरेशनला नेण्यापूर्वी कवळी काढावी लागते. ती त्यांनी काढून दिली, पण त्याआधी मला आणि त्यांच्या मुलाला, दोघांनाही खोलीबाहेर पिटाळलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय मागितलं असेल? पाणी नाही. मुलगा नाही. नर्सला खूण करून दात मागितले.

ते दात मग तोंडातून बाहेर निघेनात. खोलीत समोर दुसरा रुग्ण, कधीही नर्स येणार, कधीही आइंडहोवनहून आपली मंडळी डबा घेऊन भेटायला येणार. अशा जागी बाबा दात कसे काढणार? नर्सनं विचारलं की म्हणायचे, "टीथ ओके. नो प्रॉब्लेम. थँक यू." तीही बिचारी हसून पुढे जायची. बाबा दिवसरात्र त्याच कवळीनं पडून होते. खिचडी भरवायला वाकले की मला वास यायचा. मग बारीक खोकला सुरू झाला, आणि एका सकाळी अंग कोमट लागलं. डॉक्टर म्हणाले, "वय बघता फुप्फुसांवर लक्ष ठेवू या." दुसऱ्या कुणाच्या सासऱ्यांबद्दल हे ऐकलं असतं तर मी शांतपणे पुढचं सांगितलं असतं. या वयात, खुब्याच्या ऑपरेशननंतर न्यूमोनिया झाला तर काय होतं, हे मला नको इतकं माहीत होतं.

आता म्हणाल, तुझाच अभ्यास, तुझंच रुग्णालय, मग अडचण कसली? अडचण अशी की वॉर्डांच्या आम्ही चिठ्ठ्या टाकल्या होत्या. चिठ्ठीच्या क्रमानं एकेक वॉर्ड नवी पद्धत सुरू करणार आणि बाकीचे तोवर नेहमीसारखे चालणार, म्हणजे दोन्हींची तुलना करता येते. बाबांच्या वॉर्डाची चिठ्ठी शेवटी निघाली होती. पाळी येईपर्यंत तिथल्या नर्सना शिकवायला मी जायचंच नाही, हा नियम मीच लिहिलेला.

मग मी आडवळणानं प्रयत्न केले. बाबांना माझ्या संशोधनाबद्दल सविस्तर सांगितलं, कवळ्यांवर तर विशेष भर दिला. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "फार महत्त्वाचं काम करतेस, सूनबाई. लोकांना समजावून सांगितलं पाहिजे." आणि तोंड मिटून घेतलं.

नवऱ्याला पाठवलं. तो तासभर क्रिकेटवर बोलून परत आला.

"सांगितलंस?"

"अगं, कसं सांगू? ऑकवर्ड होतं. बाबा आहेत ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि मी सून आहे, त्याचं काय?"

त्यावर तो भांडी घासायला उठला.

शेवटी मी माझ्या बॉसबाईंकडे गेले. या हार्लेमच्या डच बाई, बोलणं सरळसोट, पण मनानं मऊ. त्या म्हणाल्या, "संशोधक म्हणून तू त्या वॉर्डात पाय ठेवायचा नाहीस. सून म्हणून जा की. घरच्यांनी दात घासून दिले तर कुठलाच वॉर्ड अडवत नाही. बाबांची माहिती अभ्यासातून वगळू." मग विचारलं, "पण खरंच, तुला भीती कशाची वाटते?" त्यांना कसं सांगणार की बाबांच्या त्या कोपऱ्यात आजवर फक्त एका माणसाला प्रवेश होता आणि ते माणूस आता नाही.

त्या दुपारी मी घरी गेले, टॉवेल बाजूला केला आणि डबी उचलून पिशवीत टाकली. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी एकटीच बाबांकडे गेले, पडदा ओढून घेतला आणि डबी त्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवली. तोंड उघडलं असतं तर रडले असते.

बाबा झाकणावरच्या नावाकडे बघत राहिले. मग विचारलं, "तुला माहीत होतं?"

"घरात सगळ्यांना माहीत आहे, बाबा."

"तिनं सांगितलं?"

"नाही. आईंनी एका शब्दानं सांगितलं नाही. उलट डबी उघडायची नाही म्हणून दम दिला होता मला."

त्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. हसू आलं आणि हात सवयीनं तोंडावर गेला. मग म्हणाले, "तिकडं तोंड कर." मी खिडकीकडे वळले. बाहेर सायकलींची रांग दिसत होती. मागे स्टीलमध्ये काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, पाठोपाठ दुसरा.

मी बेसिनवर कवळी धुतली. टूथपेस्टनं चरे पडतात म्हणून साध्या साबणानं, मऊ ब्रशनं. पण एवढ्यानं भागत नाही. हिरड्या, जीभ, टाळू हेही साफ करावं लागतं, आणि ते पाठ फिरवून करता येत नाही. मी वळले. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली, नाक एकदम मोठं. ज्यांना घाबरून मी लग्नानंतरचं सबंध वर्ष डोक्यावरचा पदर सांभाळला, ते बाबा एवढेसे दिसत होते. मला त्यांची दया नाही आली. फार माया आली. असं काही त्यांच्याबद्दल मला वाटू शकतं, हे माझं मलाच नवीन होतं.

"मोठा आ करा, बाबा," मी म्हणाले. रोज परक्या माणसांना म्हणते तेच.

त्यांनी डोळे मिटले आणि आ केला.

नंतर चूळ भरायची वेळ आली, तर बाबा अगदी हळू, लाजल्यासारखी भरू लागले. मी म्हणाले, "हे काय? घरी भरता तशी भरा." मग त्यांनी भरली. पडद्यापलीकडून समोरचे डच आजोबा डच भाषेत काहीतरी ओरडले. बाबांनी भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. "शाबास म्हणतायत," मी सांगितलं. ते तसंच काहीतरी होतं.

पुढे रोज सकाळ-संध्याकाळ मीच जात राहिले. ताप वाढला नाही, खोकला हळूहळू गेला आणि बाबा वॉकर धरून चालू लागले. तोंड धुतल्यामुळेच हे झालं का? सांगता येणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच बैठकीत लोकांना बजावत असते. पण ते घरी आले त्या दिवशी मी गाडी लावून आत बसून मनसोक्त रडले.

आता बाबा परत पिंपरीला आहेत. रोज व्हिडिओ कॉल असतो. इकडची संध्याकाळ म्हणजे तिकडे झोपायची वेळ, तेव्हा डबीचं काम होऊन गेलेलं असतं. फोनवर त्यांचा मुलगा दिसला की बाबा म्हणतात, "थांब जरा," आणि कॅमेरा छताकडे होतो. आम्हाला पंखा दिसत राहतो. मग बाबा सगळ्या दातांनिशी परत येतात.

मी एकटी असले तर पंखा दिसत नाही. बाबा आत गेलेल्या गालांनी तसेच बोलतात, शब्द थोडे ओले येतात, आणि हसू आलं तर हसतात. हात कुठे जात नाही.