काट्याचं सॉफ्टवेअर आणि दत्ताचे डोळे

आमच्या ऑफिसात टेबलाखाली वायरींचा एक गुंता आहे. कुणी मुद्दाम केलेला नाही. आज एक वायर आली, उद्या दुसरी आली, जुनी कुणी काढली नाही. आणि एक दिवस मी झाडायला वाकले तर केरसुणीच आत अडकून बसली! किस्स्यांचं तसंच असतं बघा. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आणि त्यातला एखादा असा निघतो की तो ओढला की घरातली लाईटच जाते.

ऑफिस म्हणजे आमच्या चाकणच्या घराची पुढची खोली. माझा मुलगा दत्ता वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवतो. ट्रक काट्याच्या लोखंडी प्लेटवर उभा राहिला की वजन कॉम्प्युटरवर येतं, पावती निघते, ते सगळं दत्ताचं. सून वैशाली फोन घेते. अस्लम मेकॅनिक, मोटरसायकलवर हिंडून काट्याच्या वायरी आणि मशीन बघतो. नात पिऊ, कालपरवापर्यंत दोन वेण्या घालून शाळेत जायची, आता कॉलेजला जाते. आणि मी कोपऱ्यात बसून लसूण सोलते. शाळेची पायरी मी चढले नाही, म्हणून मी सांगते आणि वैशाली टाइप करते. मधेमधे तिचे हात थांबतात. मग मी पण थांबते.

किस्से तसे हसायचेच आहेत. पण मधे दत्ताचे डोळे येतात, त्याला माझा इलाज नाही.

*

आधी साधा घ्या. देहूरोडच्या बाजूला एक काटा आहे, तिथल्या मालकाचा फोन आला. "दत्ताशेठ, तुमचं सॉफ्टवेअर गाड्या गिळतंय! सकाळी रिकामी गाडी आत आली, संध्याकाळी भरून गेली. आणि कॉम्प्युटर म्हणतो, आलेली अजून आतच आहे, आणि गेली ती कधी आलीच नव्हती!"

दत्तानं दोन्ही वेळचा गाडीनंबर वाचायला लावला. अक्षर अन् अक्षर सारखं. मग त्यानं विचारलं, "सकाळी काट्यावर कोण बसतं?"

"सकाळी माझा मेव्हणा. संध्याकाळी मी."

मेव्हणा मोठा टापटिपीचा! नंबर टाकताना मधे छान जागा सोडायचा. मालक घाईचा, त्याचं सगळं चिकटून. कॉम्प्युटरच्या लेखी त्या दोन वेगळ्या गाड्या झाल्या.

मी म्हटलं, "आरं, पण मधी तर काहीच न्हाई!"

"आई, मोकळी जागा पण अक्षरच असते. तीपण मोजली जाते."

तिकडून मालक म्हणतो, "मग काय, मेव्हण्याला काढू का?"

"मेव्हणा राहू द्या हो, जागा मी काढतो!"

*

एका कंपनीच्या गेटवरचा काटा रोज जेवायच्या सुट्टीत बिघडायचा. वर गाडी नाही, तरी वजन दाखवायचा! दत्तानं घरी बसून सगळा प्रोग्राम उलटापालटा केला. अस्लमनं वायरी बदलल्या. दुपार झाली की पुन्हा तेच. शेवटी दोघं ऐन दुपारी तिथंच जाऊन उभे राहिले.

दत्ताची नजर सरळ आकड्यावर. "अस्लम, प्लेट रिकामी आहे. आणि आकडा बघ!"

अस्लम हसायला लागला. "भाऊ, मस्करी करता काय? अहो, ड्रायव्हर लोक बसलेत की प्लेटवर, डबे उघडून!"

प्लेटच्या एका कडेला झाडाची सावली पडायची. तिथं मांडी घालून ते जेवत होते. त्यातला एक तर दत्ताला "या जेवायला" असं म्हणाला पण होता. दत्ताला वाटलं, मागं कुणीतरी कुणाला बोलावतंय. त्यानं मान पूर्ण वळवली, तेव्हा ते दिसले.

घरी आल्यावर अस्लमनं हे असं रंगवून सांगितलं की आम्ही हसून हसून लोळलो. दत्ता पण हसला. वैशाली तेवढी हसता हसता थांबली. उठली, त्याच्या कानाशी हात नेला आणि बोटं हलवली.

"किती?"

दत्ता म्हणाला, "काय किती?"

*

डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडेकडेनं आत मिटत येणार. औषध नाही. मधलं किती टिकेल ते सांगता येत नाही. दत्तानं एकच विचारलं, "काम करता येईल ना?"

"काय काम करता?"

"दिवसभर स्क्रीन बघतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

दत्ताला दुसरं काही येत नाही. शेत कंपन्यांच्या खाली गेलं, आणि हा पोरगा त्या मशीनच्या आत जाऊन बसला. ते एवढंच त्याचं. तेव्हापासून आमच्या घरात कुठलाही बिघाड झाला की पहिला प्रश्न ठरलेला: सॉफ्टवेअरात आहे का डोळ्यात?

*

मग सॉफ्टवेअरची अक्षरं मोठी व्हायला लागली. दर अपडेटला जराशी. बटनं फुगली. रंग बदलले, काळ्यावर पिवळं आलं. दत्ता कुणाला काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही.

एक दिवस कांदा मार्केटातल्या अडत्याचा फोन. "दत्ताभाऊ, ही बटनं आहेत का भाकऱ्या? स्क्रीनवर मोजून दोन मावतात!"

वैशाली घाबरली. म्हणाली, "जुनं होतं तसं करून देतो."

"खबरदार वहिनी!" तो ओरडलाच. "आमचे आबा बिनचष्म्याचे पावती काढायला लागलेत! घरात बसून सगळ्यांच्या चुका काढायचे, आता काट्यावरनं उठत न्हाईत. सुनांनी देवाला नारळ फोडलाय!"

मग बाकीचे पण मागायला लागले. "ते आबांवालं द्या."

दत्ता म्हणाला, "बघ आई, डोळे जायला लागले आणि धंदा वाढला!" सगळे हसले. तो तोंड धुवायला मोरीत गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला.

*

एका सकाळी दत्ताचा प्रोग्राम हलेना. काहीही दाबा, ढिम्म. असं आधी पण व्हायचं. स्क्रीनच्या कोपऱ्यात कुठंतरी छोटी पाटी उघडलेली असायची, 'हो का नाही' विचारत, आणि ती दत्ताच्या नजरेबाहेर असायची. मग वैशाली बोट दाखवायची आणि तो मान वळवून ती शोधायचा. त्या दिवशी वैशाली बँकेत गेलेली. त्यानं मान वळवून वळवून सगळी स्क्रीन धुंडाळली. पाटी नाहीच.

म्हणजे मधली नजर पण गेली, असं त्यानं धरलं.

मला म्हणाला, "आई, संपलं."

उंबऱ्यावर जाऊन बसला. मी चहा दिला, तो हातातच गार झाला. आईला सगळं सुचतं म्हणतात, ते काही खरं नाही.

दुपारी फोन वाजला. भोसरीचं गिऱ्हाईक, पार तापलेलं. "अहो, काय दिलंय हे? हँग! काही दाबा, हलत नाही!"

दत्ता म्हणाला, "कोपऱ्यात पाटी असेल बघा."

"कसली पाटी? कुठंच काही दिसत नाही!"

दत्ता ताडकन उठला. "तुम्हालाही दिसत नाही? नीट बघितलं? चष्मा लावून?"

"मला चष्माच नाही! डोळे शाबूत आहेत माझे!"

"वा! वा! लई उपकार झाले तुमचे!"

तो माणूस गडबडला. "शेठ, मी शिव्या द्यायला फोन केला होता!"

पाटी उघडत होती, पण मोठ्या खिडकीच्या मागं लपून! चूक सॉफ्टवेअरचीच. दत्तानं ती काढली, आणि अस्लमला पेढे आणायला पिटाळलं. मिठाईवाल्यानं विचारलं, "कशाचे हो?"

अस्लम म्हणाला, "आमचा प्रोग्राम चुकला!"

*

पण ते पेढे किती दिवस पुरणार. मधलं पण मिटत गेलं.

मग वैशाली त्याला प्रोग्राम वाचून दाखवायला लागली. तिला त्यातलं कळायचं नाही, पण वाचायची ठसक्यात. "कंस चालू, कंस चालू, अमुक बरोबर तमुक, कंस बंद." हा डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच हात वर करायचा. "थांब. एक कंस उघडाच राहिला." चूक निघायची पण तिथंच! मला ते पोथी वाचल्यासारखं वाटायचं. मी नकळत हात जोडायचे.

एकदा दोघांचं भांडण झालं. वैशालीनं माहेरापासून सुरुवात केली, डॉक्टरवर आली, तिथून पिऊच्या फीवर, तिथून पुन्हा माहेरावर. दत्ता शांतपणे म्हणाला, "किती कंस उघडलेस गं. एक तरी बंद कर!"

त्या दिवशी भांडण मिटलं. एरवी मिटलं नसतं, दोघंही माझ्यासारखेच हट्टी.

*

अस्लमनं कुठूनसं बोलणारं सॉफ्टवेअर आणून बसवलं. स्क्रीनवर जे असेल ते एक बाई वाचून दाखवते. बोलणं इतकं भरभर की कांद्याचा लिलाव करणाऱ्यानं हात टेकावेत! महिनाभर दत्ता कान लावून बसला आणि त्याला ते उमजायला लागलं. दुसऱ्यांचे प्रोग्राम उघडले. बाई पटापट सांगायची, हे सेव्ह, हे प्रिंट, हे बंद करायचं.

मग त्यानं आपला स्वतःचा प्रोग्राम उघडला. आम्ही सगळे भोवती उभे.

बाई म्हणाली, "बटन."

त्यानं पुढची कळ दाबली. "बटन."

पुढं. "बटन." पुढं. "बटन. बटन. बटन."

अस्लम म्हणाला, "भाऊ, ही बाई अडकली काय?"

"ती नाही अडकली," दत्ता म्हणाला. "मी बटनांवर चित्रं लावली होती. आत नावं घातलीच नाहीत. कधी वाटलंच नाही की कुणाला विचारावं लागेल."

मग म्हणाला, "मीच केलं, आणि मलाच ओळख देत नाही."

वैशालीनं खुर्ची ओढली. "चला, नावं ठेवू या. बाराव्या दिवशी ठेवायची असतात, यांना मिसरूड फुटलं!"

रोज थोडी थोडी ठेवली. वैशाली सांगायची कुठलं चित्र आहे, दत्ता नाव सांगायचा, ती टाकायची. शेवटचं नाव ठेवलं तेव्हा अस्लमच्या घरून शिरखुर्मा आला, ईद नसताना.

*

आता एक राहिला. हा मी वैशालीला कधी सांगितला नाही. आत्ता टाइप करता करता ती पहिल्यांदा ऐकतेय.

वैशाली माण गावाला बहिणीकडं गेली होती. अस्लम साईटवर, पिऊ कॉलेजात. घरात दत्ता आणि मी. आणि इथल्याच एका काट्यावरून फोन: "दत्ताशेठ, पावती निघंना! गाड्यांची लाइन पार हायवेला लागली!"

दत्तानं ऐकून ऐकून दोष शोधला, काढला पण. आता नवी फाईल पाठवायची एवढंच राहिलं होतं. ऐन वेळेला ती बोलणारी बाई गप्प झाली. काही केल्या बोलेना. फोनवरचा माणूस तसाच धरून.

"आई, इकडं ये. स्क्रीनवर काय आहे सांग."

"मला कुठं वाचाया येतं?"

"वाचू नको. दिसतंय ते सांग."

मी पदराला हात पुसले आणि बसले. "मधी एक पाटी हाय. डाव्या अंगाला लाल वाटोळं, त्यात पांढरी फुली."

"बरोबर. खाली दोन चौकोन असतील."

"हायती."

"कमी अक्षरांचा कुठला?"

"ह्यो, डाव्या हाताचा."

फोनवरून आवाज आला, "शेठ, कोण आहे सोबत?"

"नवीन इंजिनियर ठेवलाय!" दत्ता म्हणाला.

माझा हात माऊसवर, माझ्या हातावर त्याचा हात. "भांडं घासल्यासारखा हळू फिरव. बाण चौकोनावर आला की बोल."

"आला. गेला. आरं, गेला की! हां, आला!"

त्यानं माझं बोट दाबलं. पाटी गेली. बाई बोलायला लागली. मग दत्ताची बोटं अशी चालली की माझ्या डोळ्यांना दिसेनात. जरा वेळानं फोनवर आरडाओरडा, "निघाली! पावती निघाली! इंजिनियरसाहेबांना सांगा, चहा माझ्याकडून!"

फोन ठेवला. दत्तानं एकेक करून सगळं बंद केलं. किती दिवसांनी असा हसत होता.

"आता काय दिसतंय गं, आई?"

"समद्या खिडक्या गेल्या. पिऊ दिसतीया."

"पिऊ?"

आदल्या आठवड्यात कॉलेजात साड्या नेसायचा दिवस होता. पोरीनं आपला फोटो तिथं मागं लावून ठेवला होता. त्याला सांगायचं आमचं सगळ्यांचं राहूनच गेलं.

"साडीत हाय. वैशालीची हिरवी हाय बघ, ती."

दत्तानं हात पुढं केला. तळवा काचेवर टेकवला. "इथं?"

"जरा वर."

हात वर गेला.

"केस कसे आहेत?"

"अंबाडा घातलाय. गजरा माळलाय."

तो तसाच बसला, हात न काढता. मग म्हणाला,

"आई, माझ्याकडं अजून दोन वेण्याच आहेत."