चार-दहाचा बिल्ला

डेल्मर स्टकविशकडे गाडी घेऊन येणारं गिऱ्हाईक पहिल्याच प्रश्नाला खोटं बोलायचं. अडतीस वर्षांत याला अपवाद सापडला नव्हता.

प्रश्न साधा असे. "ही गाडी तू चालवणार कुठे?"

"शर्यतीत," असं गिऱ्हाईक सांगे आणि त्याची छाती जराशी पुढे येई. प्रत्यक्षात ती गाडी रविवारी चर्चला जायची आणि उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या टपरीपर्यंत. टपरी बंद झाली की ताडपत्रीखाली.

इंडियानातल्या ऑल्डर क्रीक गावात, धान्याच्या कोठाराच्या मागे, डेल्मरचं गॅरेज होतं. तिथे तो गाडीचा फक्त मागचा ॲक्सल करी. इंजिनाला तो हात लावत नसे, ब्रेकलाही नाही. ॲक्सलच्या मधल्या गोल पोटात क्राऊन आणि पिनियन अशी दातेरी चाकांची जोडी असते. पुढून येणारा शाफ्ट किती वेळा फिरला म्हणजे मागचं चाक एकदा फिरतं, तो आकडा या जोडीवर ठरतो. आकडा मोठा असला तर गाडी जागेवरून उसळते, पण हमरस्त्यावर इंजिन ऊर फुटेस्तोवर ओरडत राहतं. लहान असला तर इंजिन शांत, पण सुरुवातीला गाडी आळसावलेली. दोन्ही एकदम मिळत नाही, एवढंच डेल्मरला लोकांना पटवायचं असे, आणि नेमकं तेवढंच कोणाला पटत नसे. सगळ्यांना मोठा आकडा हवा असायचा. कॉफी पिताना सांगायला मोठा आकडा बरा वाटतो.

काम झालं की डेल्मर बोटाएवढ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून आकडा कोरायचा आणि ती पट्टी ॲक्सलच्या झाकणाच्या बोल्टखाली अडकवायचा. आजूबाजूच्या चार कौंट्यांत जुन्या गाडीचा सौदा करताना लोक आधी वाकून तो बिल्ला बघत. डेल्मरचा बिल्ला असला की झाकण उघडून दाते मोजायची गरज नाही, असं मानलं जाई. पोरं नसलेल्या डेल्मरने मागे ठेवण्यासारखं काही कमावलं असेल तर ते हेच.

शुक्रवारी, ९ सप्टेंबर १९९४ रोजी, सकाळी सव्वाआठला वेंडल ओव्हरमायर त्याची १९७० ची हिरवी ब्युइक घेऊन आला. दोघे एका वर्गातले. वेंडल एकतीस वर्षं खेड्यापाड्यांत टपाल वाटून निवृत्त झाला होता. गावाबाहेरची शर्यतीची पट्टी त्या महिनाअखेर कायमची बंद होणार होती, जागा गोदामांसाठी विकली गेली होती. पाव मैलाला वेंडलची गाडी चौदा पूर्णांक दोन सेकंद घ्यायची. तेरा-काहीतरी हा आकडा एकदा तरी तिथल्या वेळ दाखवणाऱ्या पाटीवर दिसावा, एवढी त्याची इच्छा होती, आणि आता हातात मोजकेच शनिवार उरले होते.

"तीन-शून्य-आठ काढ आणि चार-दहा टाक," वेंडल म्हणाला.

"कशाला?"

"व्हर्लिनच्या गाडीत चार-दहा आहे."

व्हर्लिन क्रॅमर हा वेंडलचा शेजारी, पिवळ्या शेव्हरोलेटवाला. डेल्मरने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"व्हर्लिनचं इंजिन लहान आहे, त्याला गरगरा फिरवावं लागतं तेव्हा कुठे ते जागं होतं. तुझं इंजिन बैल आहे, वेंडल. खालूनच ओढतं. त्यात तुझं एकच चाक जोर खातं. चार-दहा टाकलंस तर ते चाक जागेवर धूर काढत बसेल आणि तू तिथेच उभा. तीन-बेचाळीस घे."

"चार-दहा."

"आणि हमरस्त्यावर?"

"हमरस्त्यावर नेतोय कोण?" वेंडल नजर चुकवून म्हणाला.

त्याच संध्याकाळी, डेल्मर नूडल्स आणि कुस्करलेले बटाटे पानात वाढून घेत असताना, वेंडलच्या बायकोचा, नोरीनचा फोन आला. "डेल, त्याने तुला सांगितलं का, की एक रविवार सोडून एक आम्ही त्याच गाडीने माझ्या बहिणीकडे एव्हन्सव्हिलला जातो? दीडशे मैल जायला, दीडशे यायला. ते चार-दहा की काय ते टाकलंस ना, तर मी चालत जाईन, आणि रस्ताभर तुझ्या नावाने बोटं मोडेन."

डेल्मरने फोन ठेवला. त्याची बायको आर्डिस म्हणाली, "जेव आधी. गार होतंय."

"तो हमरस्त्यावर जातो!"

"सगळेच जातात, डेल. तू अडतीस वर्षं दरवेळी नव्याने कसा दचकतोस?"

सोमवारी वेंडल पुन्हा आला, मंगळवारी पुन्हा. दरवेळी डेल्मरने समजावलं. खडू घेऊन जमिनीवर आकडेमोड केली. वेंडल मान डोलवायचा आणि शेवटी म्हणायचा, "पण व्हर्लिनच्या..." मंगळवारी त्याने शेवटचं शस्त्र काढलं. "तुला जमत नसेल तर तसं सांग. मी पलीकडच्या गावातल्या त्या पोऱ्याकडे जातो."

त्या पोऱ्याने बसवलेला ॲक्सल तीन गल्ल्या पलीकडून ऐकू यायचा. डेल्मरच्या डोक्यात तिडीक गेली.

"ठेव गाडी," तो म्हणाला.

दोन दिवस त्याने नेहमीच्या निगुतीने काम केलं. दात्यांना पिवळा लेप लावून फिरवून बघितलं, दाब नेमका दात्याच्या मध्यावर येईपर्यंत कागदाएवढ्या पातळ चकत्या तीनदा बदलल्या. त्याने बसवली तीन-बेचाळीसची जोडी. मग पट्टी घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हात थोडा थांबवून तिच्यावर ठोकलं: ४.१०.

वेंडल गुडघ्यावर बसून गाडीखाली वाकला, बिल्ला वाचून उठला आणि त्याने डेल्मरला कडकडून मिठी मारली. डेल्मरला काही ते सुखाचं वाटलं नाही.

शनिवारी, १७ तारखेला, पाटीवर आकडा आला: १३.९४.

एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर डेल्मर ते पोटात ठेवून बसला असता. पण वेंडलचं तोंड! लोइसच्या खाणावळीत सकाळी सहाला जी मंडळी अंडी-सॉसेज खायला जमत, त्यांना वेंडलने आठवडाभर दुसरं काही बोलू दिलं नाही. "चार-दहा! जागेवरून कशी सुटते बघा! आणि नोरीन म्हणते, हमरस्त्यावर आवाजसुद्धा नाही!" झालं. डेल्मरचा फोन खणखणायला लागला. चार दिवसांत सहा जण. सहाही मोठ्या इंजिनवाले, आणि सहाही जणांना चार-दहाच पाहिजे.

"तुला नाही चालणार ते," डेल्मर सांगे.

"वेंडलला चाललं, मला का नाही?"

खरं उत्तर दिलं तर बिल्ला खोटा ठरला असता. डेल्मर रिसीव्हर आपटायचा आणि आर्डिस स्वयंपाकघरातून विचारायची, "आता कोण?"

शुक्रवारी दुपारी हिरवी ब्युइक गॅरेजच्या दारात करकचून थांबली. वेंडल लालबुंद झाला होता.

"एक पूर्णांक सात!" तो ओरडला. "डेल, तू माझ्या गाडीत एक पूर्णांक सात टाकलंस!"

"काय?"

"व्हर्लिनला खरं वाटेना. म्हणून आम्ही जॅक लावला, शाफ्टवर खडूची रेघ मारली, चाक एकदा पूर्ण फिरवलं. व्हर्लिन त्याच्या गाडीत असंच मोजतो, चार फेरे येतात. माझे पावणेदोनसुद्धा पुरे येईनात! सगळ्यांसमोर! लोइसच्या दारात!"

"एक-सात?" डेल्मरचा आवाज चिरकला. "एक-सात असा आकडा या जगात कोणी बनवत तरी आहे का? मी असलं काही बसवीन? मी?"

"मग मोज!"

इथे डेल्मरला गप्प बसता आलं असतं. पण आपल्यावर असल्या अशक्य, हास्यास्पद जोडीचा आळ यावा, हे त्याला सहन होईना. तो तावातावाने जॅक ओढत आला. "व्हर्लिनच्या गाडीत दोन्ही चाकं बांधल्यासारखी बरोबर फिरतात. म्हणून त्याने दोन्ही उचलून एक फेरा दिला की भागतं. तुझ्या गाडीत एकच चाक उचललं तर अर्धा फेरा मधल्यामध्ये जिरतो, गाढवा! एक चाक उचलून दोनदा फिरवायचं असतं! झोप खाली. मी चाक फिरवतो, तू शाफ्ट मोज."

वेंडल पाठीवर झोपला. डेल्मरने चाक सावकाश दोनदा फिरवलं. दुसऱ्या फेऱ्याच्या मध्यावर आपण काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं. पण आता थांबायचं कसं?

"तीन," गाडीखालून आवाज आला. "तीन आणि... अर्ध्याला जरा कमी."

त्याने शाफ्टवरची खडूची रेघ पुन्हा तपासली.

"डेल. हे चार-दहा नाहीये."

"नाही."

"तीन-बेचाळीस?"

"हो."

वेंडल बाहेर आला. कपड्यांची धूळ न झटकता तो उलट्या बादलीवर बसला. "तू खोटा बिल्ला ठोकलास. तू."

"तू ऐकत नव्हतास."

"मी कधीच ऐकत नाही! म्हणून काय झालं?"

डेल्मरने बोल्ट सैल केला, पट्टी काढून खिशात टाकली. "आत्ता चार-दहा टाकून देतो. फुकट. खरा बिल्ला लावून."

वेंडलने पाटीवरच्या आकड्याचा विचार केला असावा, आणि कदाचित नोरीनचाही. "हात लावू नकोस तिला," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सहाला डेल्मर स्वतः लोइसच्या खाणावळीत गेला. उभ्याउभ्याच त्याने सांगून टाकलं, काय कोरलं आणि काय बसवलं. कोणी हसलं नाही. व्हर्लिनने कप खाली ठेवून फक्त एवढंच विचारलं, "आणि माझ्या गाडीत काय आहे?"

"चार-दहा."

"हं," व्हर्लिन म्हणाला. "बघतो मोजून."

तेव्हापासून डेल्मरच्या गॅरेजात एक नवीन पद्धत पडली. गाडी तयार झाली की कोणी बिल्ला बघत नाही. मालक खिशातून खडू काढतो, गाडीखाली शिरतो आणि मोजतो. दहातले सहा जण चुकीचं मोजतात. एक चाक उचलून एकच फेरा देतात आणि आरडाओरडा करतात, की फसवलं. मग डेल्मरने कपाळाला हात लावायचा, त्यांना बाहेर काढायचं, पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. कधी कधी हे दिवसातून दोनदा होतं.

वेंडल तीन आठवडे फिरकला नाही. चौथ्या आठवड्यात आला तो घडीची खुर्ची घेऊन, आणि दारातच बसला. आर्डिसने त्याला पर्सिमन या गोड रानफळाची खीर दिली. समोर एक नवा माणूस डेल्मरशी हुज्जत घालत होता. त्याला चार-छप्पन्न हवं होतं.

"गाडी चालवणार कुठे?" डेल्मरने विचारलं.

"शर्यतीत."

"पट्टी बंद झाली, बाबा!"

वेंडलने खिरीचा चमचा त्या माणसाकडे रोखला. "हा सांगतो ते घे," तो म्हणाला. "पण मोजून घे. दोनदा फिरव."

"तीनदा सांगितलं मी त्याला ते!" डेल्मर किंचाळला आणि जॅक आणायला गेला.