गावभर साखर

मेहकरच्या शाळेच्या पडवीत साखरेच्या तपासणीचा कॅम्प लागला, तेव्हा मी तिथंच शिकवत होते. कुणाला साखर आहे, कुणाचं बीपी वाढलंय आणि कशानं, हे गावोगाव फिरून शोधणारे डॉक्टर म्हैसूरकडचे. मराठी नुकतीच शिकलेले आणि बोलायची भारी हौस! मी दुभाषी म्हणून उभी, पण मला तोंड उघडू देतील तर शपथ. आदल्या दिवशी चावडीपुढं स्वतःच म्हणाले, "उद्या सगळ्यांनी उपास करून या."

सकाळी ही रांग! कमरेला टेप लावला की एकेक बाई श्वास कोंडून पोट आत घ्यायची. "अक्का, फोटो न्हाई काढायलेत, श्वास सोडा!" मी ओरडून दमले.

आई मात्र रांगेत आपले पाय बघत उभी होती. तिचा भाऊ, माझा मामा, साखरेनं गेला. आधी अंगठा कापला, मग पाय, मग तोच गेला. तिला एवढंच कळायचं होतं, आपल्यालाही साखर आहे का.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. अख्ख्या गावाची साखर वाढलेली! फक्त बौद्ध वस्तीतल्या लोकांची ठीक. डॉक्टर हरखलेच, मोठा शोध लागल्यासारखे. त्या वस्तीतले गुरुजी माझ्याच शाळेत होते. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "तुम्ही वेगळं काय खाता?"

"वेगळं काय? भाकर-वरणच की."

आई भिंतीला टेकून पाय चाचपत बसली होती. "माझा बी पाय जायलाय बघ," म्हणाली. माझं डोकंच फिरलं. अख्ख्या गावाला एकदम साखर होते कशी? मी डॉक्टरांना म्हटलं, आधी हिला विचारा, त्या सकाळी काय खाल्लं होतं.

"काहीच न्हाई," आई म्हणाली. "उपास होता की. निस्ती साबुदाण्याची खिचडी. दोन केळी. अन् रताळ्याचा शिरा, तो बी वाटीभरच."

डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं. गुरुजी तर हसून हसून बाकावर बसले. "आम्ही बौद्ध झालो तवाच उपास-तापास सोडले. म्हणून तुमच्या कंपाउंडरला इचारलं, उपास म्हणजे नेमकं काय करायचं. तो म्हणाला, पाण्याशिवाय काही नको. चहा बी न्हाई घेतला आम्ही."

दुसऱ्या खेपेला दवंडी मीच दिली. "उपास करून नको, उपाशी या! चहा, केळं, प्रसाद, तोंडात काही घातलं तर माझ्याशी गाठ आहे!"

गावाची साखर उतरली. शाळेत नुसता हशा. आईची मात्र उतरली नव्हती.

"अक्का, लवकर सापडलंय," डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसून म्हणाले. "गोड सोडा, गोळी घ्या, रोज सकाळी चाला. पाय कुठं जात नाही." मला रडू आवरेना. आईनं पदरानं माझेच डोळे पुसले.

"पहिला निकालच बरा होता गं," ती म्हणाली. "त्यात सगळं गाव माझ्यासंगं होतं."

हे कुणी ऐकलं, कुणी सांगितलं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई फिरायला निघाली, तर दारात गल्लीतल्या बायका उभ्या. आई म्हणाली, "कामून आलाव गं समद्या?"

"चला अक्का," त्यातली एक म्हणाली. "आमची बी साखर हायेच म्हणा."