लेकीच्या स्वागताची लायटिंग

आमची लेक पहिल्यांदा घरी आली त्या संध्याकाळी निमोण्यात लोडशेडिंग नव्हतं. गावभर उजेड होता. अंधार फक्त आमच्या घरात होता, आणि तो मी स्वतः केला होता.

माझी बायको सुनंदा बाळंतपणाला माहेरी, दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेली होती. सासरे तिला आणि बाळाला जीपनं घेऊन येणार होते. मी कंपनीत हाफ डे टाकला आणि शिरूरला एलईडीची माळ आणायला गेलो. (तेव्हा एलईडीचं नवं नवं कौतुक होतं. दुकानदार म्हणाला, "वीज खातच नाही, साहेब!" साहेब म्हटल्यावर मी दोन घेतल्या.) दुपारभर शिडीवर चढून माळा दाराच्या चौकटीवर चढवल्या आणि दिवेलागणीला ऐटीत बटण दाबलं.

खट्! मीटरच्या पेटीतला एमसीबीचा खटका पडला. घर गुडूप!

"काय झालं रं?" आई आतनं ओरडली.

"काय न्हाई. लोड आला आसंल!"

खटका वर केला, बटण दाबलं. खट्!

मला फ्रिजचा संशय आला. त्याची पिन काढली. खट्! मग टीव्हीची काढली. (आईच्या मालिकेतली सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवत होती, ती तशीच गडप झाली!) खट्! पंखे बंद केले, मिक्सर काढला. इस्त्री तर कपाटात होती, तरी मी तिच्याकडं रोखून पाहिलं.

"आता मीच ऱ्हायले," आई म्हणाली. "माझी बी पिन काढ!"

आवाज ऐकून शेजारचे तात्या आले. "आरं, माळाच काढून बघ की!"

"तात्या, माळंचा काय संबंध? ती वीज खातच न्हाई!"

तात्यांनी आईकडं पाहिलं. आईनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

माळेचं बटण मी हट्टानं चालूच ठेवलं होतं, त्यामुळं खटका वर राहीना; मी त्यावर बोट ठेवून तसाच उभा राहिलो. लेक पहिल्यांदा घरी येतेय आणि बापानं तिच्यासाठी काय केलं, तर अंधार! मी बाहीनं डोळे पुसले.

"रडतुयास का येड्या?" आई हळूच म्हणाली. बुद्धाच्या तसबिरीजवळचा मेणबत्त्यांचा पुडा तिनं आणला, आणि ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी भराभरा मेणबत्त्या लावल्या.

सुनंदा बाळाला घेऊन उतरली. दौंडपासून सगळ्या वाटेनं रडत आलेली पोर त्या ज्योतींकडं टकामका बघत गप्प झाली. मी तिला घेतलं. एवढीशी! माझ्या शर्टाची गुंडी तिनं मुठीत धरली.

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "जावईबापू, लाख बोललं तरी कमीच. ही मेणबत्त्यांची आयडिया कुणाची?"

"माझीच, मामा," मी म्हणालो.

आईनं मागनं पाठीत धपाटा घातला.

सुनंदा चौकटीकडं मान वर करून बघत होती. "अहो, आन् हा खिळा वायरीतनं आरपार ठोकायची आयडिया कुणाची?"

तात्या हसले, आई हसली, सासरे पोट धरून हसले, जीपचा ड्रायव्हरसुद्धा हसला. फक्त माझी लेक बापाच्या बाजूनं राहिली.

ती झोपली होती.