बंड्यासाठी कापलेलं दार

शेजारच्यांच्या फोनवर सतीशचा निरोप आला. "आत्या, बाबा गेले. दार उघडतच नव्हतं..." दार उघडत नव्हतं म्हणजे काय, ते मला त्यांच्या बिल्डिंगला, इंद्रलोकला, पोहोचल्यावर कळलं. माझा थोरला भाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, दाराच्या आतच पडला होता. सतीश ऑफिसातून आला, लॅच उघडून ढकलायला लागला, तर दार बापाच्या अंगाला अडत होतं. महिना होऊन गेला, पण जेवायला बसलं की तेच डोळ्यांपुढे येतं.

आमचं जुनं घर मोरवा गावातलं. वडील मिठागरावर कामाला. मागच्या दाराची खालची फळी कोपऱ्यात कापलेली होती, कुत्र्याला जायला-यायला. आळीत बहुतेक घरांना असं भोक असायचंच, त्याचं कुणाला काही वाटत नसे. लहानपणी दादा मार चुकवायला त्यातूनच पळायचा. एकदा खाऊन-पिऊन सुटलेला गडी कमरेत अडकला. डोकं बाहेर, बाकीचा आत, आणि आई आत! पण त्याचे झाडलेले पाय बघून आईलाच इतकं हसू आलं, की मार राहूनच गेला.

पुढे मिठागर बंद पडलं, वहिनी गेली, जुनं घर पाडलं. सतीशने इंद्रलोकमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दादा तिथे आला तो बंड्याला घेऊनच. बंड्या म्हणजे एक कान फाटलेला गावठी कुत्रा. आणि आल्या आल्या या माणसाने काय करावं? सुताराला बोलावून नव्याकोऱ्या दाराला खाली भोक पाडून घेतलं, वर रबराचा तुकडा पडद्यासारखा लावला. सुनेने, सुजाताने, कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "अरे, पोरांना विचारायचं तरी!" तर म्हणतो कसा, "कुत्रा हाय तो. बेल वाजवणार हाय का?"

बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला. गच्चीवर मीटिंग बसली. सेक्रेटरी म्हणाले, "काका, ये गाव नहीं है. छेद में से चोर हाथ डालेगा." दादा म्हणाला, "हात घालील तर बंड्या चावंल." सगळे हसले, दादाही हसला. त्याला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! थोड्याच दिवसांत भोकावर प्लायवूड बसलं. सतीशनेच ठोकून घेतलं. त्या बिचाऱ्याला त्याच लोकांत राहायचं होतं, रोज जिन्यात तोंड दाखवायचं होतं.

दादा भांडला नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो दारापाशी खुर्ची टाकून बसायला लागला. बाहेरून बंड्याने नख मारलं की गुडघे धरत उठायचं, दार उघडायचं, पुन्हा बसायचं, की थोड्या वेळाने बंड्याला बाहेर जायचं. दिवसभर हेच. मी एकदा चिडून म्हटलं, "बांधून ठेव ना त्याला!" दादा माझ्याकडे बघतच राहिला. "बांधायला त्यानं काय चोरी केली हाय?"

त्या दुपारी घरात तो एकटाच होता. बंड्याने दार खरवडलं असणार, दादा उठला असणार, आणि तिथेच कोसळला. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले नसावेत... बाहेर बंड्या भुंकत होता, दारावर पंजे मारत होता. समोरच्या भावनाबेन बाहेर आल्या. त्यांना वाटलं, कुत्र्याला नेहमीसारखं आत यायचंय, काकांचा डोळा लागलाय, झोपू दे म्हाताऱ्याला. त्यांनी तांब्याभर पाणी मारून बंड्याला खाली हाकललं. तो त्यानंतर कुणाला दिसलाच नाही. दादाला नेलं त्या दिवशी बाई माझा हात धरून रडत होत्या, "दीदी, मुझे लगा रोज का ही है..." मी हात सोडवून घेतला. बाई वाईट नाहीत, दादाला आठवणीने ताक आणून द्यायच्या. तरी राग जात नाही, काय करू?

परवा इंद्रलोकला गेले. सुजाताने दार जपून, थोडंसंच उघडलं आणि मला कशीबशी आत घेतली. दारामागे सतीश फरशीवर पालथा पडलेला. बाजूला उचकटलेलं प्लायवूड आणि वाकडे झालेले खिळे. सुजाताने दार लावून घेतलं.

"सतीश, अरे काय करतोयस?"

तो उठला नाही. गाल फरशीला टेकलेलाच होता. "आत्या, इथून भावनाबेनचं दार दिसतंय," तो म्हणाला. "अगदी समोर."

मग त्याने त्या भोकातून हात बाहेर काढला आणि तसाच पडून राहिला.